मैदानातले प्रश्न : कोचला मेल कुणी लिहायचा, आईने की मुलीने?

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालीये, स्टेट बोर्ड. सहा वर्षं स्विमिंग करतेय, ब्रेस्टस्ट्रोक. सुरुवात मुलुंडला कालिदासच्या पूलवर केली, आता आठवड्यातले चार दिवस पहाटेची लोकल पकडून दादरला महात्मा गांधी पूलवर जाते. स्टेटला दोन वर्षं मेडल आहे, ज्युनिअर नॅशनल्सला एकदा फायनलला गेली. तिला अमेरिकेत कॉलेजकडून पोहायचंय. जानेवारीपासून मी स्वतः बसून ५२ कोचना मेल टाकले, एकाचंही धड उत्तर नाही, तीन-चार ठिकाणांहून नुसती फॉर्मची लिंक आली. आता एक एजन्सीवाले म्हणतायत की फुल स्कॉलरशिपची गॅरंटी, आधी साडेतीन लाख द्या आणि स्कॉलरशिप मिळाली की तिच्या १० टक्के. मिस्टर म्हणतात पीएफमधून काढू. मुलगी कमी पडतेय की आम्ही, तेच कळत नाहीये.
— एक आई, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, आधी पैशाचं बोलते. ते साडेतीन लाख देऊ नका, पीएफला हात लावू नका. टीममधली जागा देतो तो तिथला हेड कोच आणि अॅडमिशन देतं ते कॉलेजचं अॅडमिशन ऑफिस, या दोघांच्या मधे गॅरंटी देणारा तिसरा कुणी नसतो. कॉलेजची यादी काढायला, व्हिडिओ एडिट करायला, फॉर्म समजून घ्यायला कुणाची मदत घेतली आणि त्याची ठरलेली फी दिली तर त्यात काही चूक नाही. पण 'स्कॉलरशिपच्या १० टक्के' असं कुणी म्हटलं की तिथनं उठून यायचं. एनसीएए म्हणून तिकडच्या कॉलेज स्पोर्ट्सची जी मोठी संस्था आहे तिच्या नियमांत जागा मिळवून दिल्याबद्दलची टक्केवारी बसतच नाही, असा माणूस एजंट धरला जातो आणि मग मुलीची खेळायची पात्रताच धोक्यात येते. म्हणजे पैसेही आपले गेले आणि नुकसानही आपल्याच पोरीचं.

आता त्या ५२ मेलचं. मुलगी कमी पडलेली नाही आणि तुम्हीही नाही, फक्त तारीख आधीची होती. एनसीएएमध्ये कॉलेजच्या टीमच्या डिव्हिजन वन, टू आणि थ्री अशा तीन पातळ्या असतात. डिव्हिजन वन आणि डिव्हिजन टू मधल्या कोचना स्विमरशी रिक्रूटिंगचं बोलायला परवानगी मिळते ती मुलीची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून. त्याआधी तुम्ही कितीही मेल टाका, कोच वाचतो, कधीकधी नाव लिहूनही ठेवतो, पण उत्तर देऊ शकत नाही, तो फक्त माहितीचा फॉर्म किंवा त्यांच्या समर कॅम्पचं पत्रक पाठवू शकतो. तुम्हाला आलेल्या लिंक म्हणजे तेच. ते फॉर्म भरले नसतील तर आज रात्री मुलीला भरायला बसवा. डिव्हिजन थ्रीच्या कोचना मेलच्या बाबतीत हे बंधन नाही, तिथे आधीही उत्तर येऊ शकतं. म्हणजे तुमचं खरं काम आत्ता सुरू होतंय, उशीर अजिबात झालेला नाहीये.

पण एक गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात आणि मी तिथेच थांबले. 'मी स्वतः बसून मेल टाकले.' ताई, हे मेल मुलीने लिहायचे असतात.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे दादरची एक मुलगी होती, तीही ब्रेस्टस्ट्रोकचीच. तिच्या वडिलांनी केलेला मेल त्यांनी मला मोठ्या अभिमानाने दाखवला. 'रिस्पेक्टेड सर, माय डॉटर इज व्हेरी हार्डवर्किंग अँड डिसिप्लिन्ड' इथनं सुरू होऊन खाली दीड पान, त्यात तिची भरतनाट्यमची परीक्षा, चित्रकलेची एलिमेंटरी, शाळेतलं मॉनिटरपद सगळं होतं, आणि पोहण्याचं टायमिंग शेवटून दुसऱ्या ओळीत, तेही कुठल्या स्पर्धेतलं आणि कुठल्या तारखेचं ते नाही. आणि एकाच मेलवर ४० कोचचे पत्ते, सगळ्यांना सगळ्यांचे दिसतायत. मी त्यांना काही बोलले नाही कारण बाप माणूस रात्री शिफ्टवरून येऊन हे करत होता. मुलीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, तू लिही, पाच ओळींत. तिने जे लिहिलं ते साधारण असं होतं : 'कोच, मी मुंबईची आहे, २०२४ साली बारावी होईन. माझं १०० आणि २०० ब्रेस्टचं लाँग कोर्स मीटर्सचं (५० मीटरच्या पूलमधलं) टायमिंग खाली दिलंय, स्पर्धा आणि तारीख सोबत आहे, रेसचा व्हिडिओ इथे आहे. तुमच्या टीममधल्या दोन ब्रेस्टस्ट्रोकर पुढच्या वर्षी पास आउट होतायत असं मी रोस्टरवर (टीमच्या यादीत) बघितलं, म्हणून लिहितेय. मला बायॉलॉजी शिकायचंय. तुम्ही माझ्या वयाच्या मुलीत काय बघता?' बस. प्रत्येक कोचला वेगळा मेल, नावाने, आणि ती रोस्टरची ओळ प्रत्येकाला खरीखुरी. दिवसाला दोनच व्हायचे. आठवड्याभरात उत्तरं यायला लागली.

मग एका कोचचा व्हिडिओ कॉल ठरला. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारचे बारा. मी त्यांच्या घरी होते. मुलगी संध्याकाळच्या सेशनवरून आलेली, केस अजून ओले, टेबलावर लॅपटॉपखाली दोन जाड गाइडं लावलेली. कोचने विचारलं, किती तास झोपतेस? फ्रिजच्या आडून आई म्हणाली, सात. कोचने विचारलं, रेसमधला अवघड भाग कुठला वाटतो? आई म्हणाली, तिला काहीच अवघड नाही हो. तो कोच चांगला माणूस होता, हसून म्हणाला की मला हे तिच्याकडून ऐकायला आवडेल. मी त्या माउलीला हाताला धरून गॅलरीत नेलं आणि दार ओढून घेतलं. काचेतून आवाज येत होता. थोडा वेळ आत काहीच नाही, मग पोरगी म्हणाली, शेवटच्या पन्नासमध्ये मला भीती वाटते, किक सुटते माझी, मला माहितीये ती सुटणार आहे आणि तरी सुटते. आणि तिथनं पुढे तो माणूस वीस मिनिटं तिच्याशी त्या किकवर बोलत बसला, तीही बोलत बसली. गॅलरीत आईच्या डोळ्यांत पाणी, म्हणे हे मला कधी सांगितलंच नाही हिने.

त्या कॉलेजात तिला जागा मिळाली नाही, त्यांचं ब्रेस्टस्ट्रोकचं गणित त्या वर्षी दुसऱ्याच मुलीवर बसलं. पण त्याच कोचने दुसऱ्या एका कोचला तिचं नाव कळवलं आणि आज ती तिथे पोहतेय. अर्धी स्कॉलरशिप आहे, पूर्ण नाही.

हे 'अर्धी' आता नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात फुल स्कॉलरशिपच असते. स्विमिंगमध्ये फुल मिळणाऱ्या मुली थोड्या. कित्येक वर्षं नियम असा होता की डिव्हिजन वनमधल्या मुलींच्या टीमला मिळून १४ पूर्ण स्कॉलरशिप्सइतकेच पैसे, मुलांना तर ९.९, आणि ते पंचवीस-तीस जणांत वाटायचे. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टात एक मोठी सेटलमेंट मंजूर झाली आणि ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत स्कॉलरशिपची ही मर्यादा जाऊन टीममध्ये किती जण ठेवायचे याची मर्यादा आली. ऐकायला छान वाटतं, पण टीम लहान झाल्या की कडेकडेच्या मुलींच्या जागा आधी जातात, आणि कॉलेजने परवानगी मिळाली म्हणून जास्त पैसे काढलेच असंही नसतं. म्हणून कोचला थेट विचारायचं की माझ्या टायमिंगच्या मुलीला तुम्ही साधारण किती देता, ते एका वर्षाचं असतं की चार, दुखापत झाली तर काय. हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही, तिकडे सगळे विचारतात. आणि तोंडी 'वी वाँट यू' म्हणजे काही पक्कं नव्हे, लेखी आर्थिक मदतीचं पत्र सहीसकट हातात येईपर्यंत दुसरे दरवाजे बंद करायचे नाहीत. जुन्या व्हिडिओंमध्ये नॅशनल लेटर ऑफ इंटेंटबद्दल (खेळाडूने त्या कॉलेजशी बांधून घेणारं सहीचं पत्र) सांगतात, ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झालीये.

खाजगी कॉलेजांचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या घरात जातो हेही कागदावर लिहून समोर ठेवा. अर्धी स्कॉलरशिप मिळूनही तो डोंगरच आहे. म्हणून मी नेहमी डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगकडेही (हार्वर्ड, प्रिन्स्टनसारख्या आठ जुन्या विद्यापीठांचा गट) बघायला सांगते, तिथे खेळाची स्कॉलरशिप मुळीच देत नाहीत, पण अभ्यासावर किंवा घरच्या उत्पन्नावर मिळणारी मदत कधीकधी त्याहून मोठी निघते आणि कोचला हवी असलेली मुलगी असेल तर तिचा अर्ज जरा लक्ष देऊन वाचला जातो. आणि हो, रील्समध्ये कॉलेजची पोरं जाहिरातींतून लाखो कमावताना दिसतात ते हिशेबात धरू नका. स्टुडंट व्हिसावर गेलेल्या मुलांना कामाच्या मर्यादा असतात, सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, आणि जाहिरातींच्या पैशाने व्हिसाच अडचणीत येऊ शकतो.

टायमिंगबद्दल एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. कॉलेजचा सीझन तिकडे २५ यार्डच्या पूलमध्ये चालतो, म्हणजे २२.८६ मीटर. आपण दादरला ५० मीटरमध्ये पोहतो. तिकडच्या रिझल्टमधले १०० ब्रेस्टचे आकडे बघून पोरी हबकतात की बापरे आपण किती हळू आहोत, पण ते अंतरही कमी आणि टर्न दुप्पटपेक्षा जास्त, तुलनाच नाही. मुलीने आपलं टायमिंग लाँग कोर्स मीटर्स असं स्पष्ट लिहून पाठवावं, कोच त्याचं यार्डात रूपांतर स्वतः करतात, आपण फुगवून करायच्या भानगडीत पडायचं नाही. टायमिंग फक्त ऑफिशियल स्पर्धेतलं, ज्याचा रिझल्ट शीट दाखवता येतो. प्रॅक्टिसमध्ये सरांनी हातातल्या घड्याळावर घेतलेलं नाही. आणि यादी काढायची ती कॉलेजच्या नावावरून नाही, त्या कॉलेजच्या कॉन्फरन्स (आपसात स्पर्धा करणाऱ्या कॉलेजांचा गट) चॅम्पियनशिपचे रिझल्ट उघडायचे आणि सोळाव्या-चोविसाव्या नंबरवर काय टायमिंग होतं ते बघायचं. तुमच्या मुलीचं रूपांतर केलेलं टायमिंग त्याच्या आसपास असेल तर तिथे तिचा खरा विचार होऊ शकतो. तुम्ही पाठवलेल्या ५२ मधली किती या मापात बसतात ते आधी बघा. सन्क रॉक ते गेटवे वगैरे समुद्रातलं पोहणं केलं असेल तर एक ओळ टाका, धाडस कळतं त्यातून, पण निवड पूलच्या घड्याळावरच होते.

आता अकरावीचं, आणि हे तातडीचं आहे. एनसीएए नववी ते बारावीचे १६ मूळ विषय मोजते, इंग्लिश, मॅथ्स, सायन्स, सोशल सायन्स, भाषा असे, आणि त्यांची सरासरी डिव्हिजन वनला किमान २.३ लागते, टूला २.२, चारपैकी. व्यवसायाकडचे विषय यात धरत नाहीत. तर 'स्विमिंगला वेळ मिळावा' म्हणून मॅथ्स सोडून कॉमर्स घ्यायचा विचार घरात चालला असेल तर थांबा, आधी एनसीएएच्या साइटवर भारतासाठी काय दिलंय ते मुलीबरोबर बसून वाचा. नववीपासूनच्या सगळ्या मार्कशीट एका फाइलमध्ये. एसएटी या तिकडच्या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण काही कॉलेजं स्वतः मागतात. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या विभागात, खातं मुलीच्या नावाने, मुलीच्या मेल आयडीवर. कुठल्या स्पर्धेत रोख बक्षीस मिळालं असेल तर ते लपवायचं नाही, किती, कशासाठी, त्या स्पर्धेचा खर्च किती झाला, सगळ्याच्या पावत्या ठेवायच्या.

घरातलं कुणीतरी म्हणेलच की आपल्याला कोण विचारतंय तिकडे. तेजस्विन शंकर दिल्लीचा मुलगा, कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीकडून उंच उडीत २०१८ आणि २०२२ असा दोनदा एनसीएए चॅम्पियन झाला. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून टेनिसमध्ये २००७ आणि २००८. विचारतात, पोरगी त्यांच्या मापात बसली की नक्की विचारतात.

तुम्ही काय करायचं असं वाटत असेल तर पहाटे चारला उठून डबा करताय ते आहेच. त्याशिवाय खर्चाचा तक्ता, कागदांची फाइल आणि मुलीने लिहिलेला मेल पाठवण्याआधी फक्त स्पेलिंग बघणं. तिची इंग्लिश थोडी तुटकी असली तर असू दे, तिकडे कोचला रोज सकाळी तिच्याशीच बोलायचंय.

प्रश्न : नमस्कार. मुलगी दहावी झाली, कबड्डी खेळते, रेडर आहे, जिल्हा आणि विभाग खेळलीये. दोन कॉलेजचे सर घरी येऊन गेले. एक म्हणतात फी माफ, किट देऊ, अटेंडन्सची चिंता नको. दुसरे काहीच कबूल करत नाहीत, फक्त म्हणाले मैदानावर येऊन बघा. आम्ही चाळीतली माणसं, फी माफ म्हणजे आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. काय करावं?
— एक वडील, प्रभादेवी

उत्तर : दादा, फी माफी ही मोठी गोष्ट आहेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ती कॉलेजच्या लेटरहेडवर मागा, कुठल्या वर्षापर्यंत आणि कशाच्या अटीवर ते लिहून. घरी येऊन बोलणारे सर पुढच्या वर्षी बदलले तर तुम्ही कुणाला विचारणार? मी असं होताना पाहिलंय, मुलीने गुडघा दुखावला आणि सेकंड टर्मची फी भरा म्हणून नोटीस आली, घरच्यांकडे दाखवायला एक चिठ्ठीही नव्हती.

'अटेंडन्सची चिंता नको' याची मला जास्त काळजी वाटते. वर्गातच बसायचं नाही असं जर ते म्हणत असतील तर बारावीला पोरगी कोरडी राहील. चांगलं कॉलेज असं सांगतं की स्पर्धेच्या दिवसांची हजेरी लावू, प्रॅक्टिकल बुडालं तर परत घेऊ. त्या दुसऱ्या सरांनी मैदानावर बोलावलंय ना, तर जा, आणि मुलीला एकटीला आत सोडा. तिने सीनियर मुलींना विचारू दे : प्रॅक्टिस किती वाजता सुटते, अंधार पडल्यावर घरी कसं जाता, बाहेरगावी मॅच असेल तर बरोबर बाई असतात का, मॅटवर खेळता की मातीवर, गेल्या वर्षी किती जणी नापास झाल्या. या मुली खोटं बोलत नाहीत. कपडे बदलायची खोली आणि बाथरूम तिने स्वतः बघून यावं.

कागदांचं सांगते. खेळाचे वाढीव गुण, जास्तीत जास्त २५, हे शाळा-कॉलेजकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत बोर्डाकडे जातात, तारीख चुकली की गेले, बारावीला लक्षात ठेवा. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात खेळाडू असल्याची नोंद करायची ती विसरू नका. आणि महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी पुढे सर्टिफिकेटची पडताळणी होते, म्हणून आजपासून प्रत्येक सर्टिफिकेटवर नाव आणि जन्मतारीख मार्कशीटसारखी आहे का ते तिथल्या तिथे, मैदान सोडायच्या आधी बघून घ्यायचं. मॅच जिंकून नाचत घरी आल्यावर चूक सापडली तर ती दुरुस्त करायला महिने जातात.

दोघांतलं कुठलं, ते मुलीला मैदान बघून आल्यावर विचारा. माझा कल आत्ता तरी त्या दुसऱ्या सरांकडे आहे, आणि त्यांनाही फी माफीचं विचाराच, ते स्वतःहून बोलले नाहीत म्हणजे देत नाहीत असं नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे, भालाफेक, प्रियदर्शिनी पार्कला प्रॅक्टिस करतो. एका अमेरिकन कोचशी बोलणं चांगलं चाललंय. दोन महिन्यांपूर्वी कोपर दुखावलंय, फिजिओ चालू आहे. घरचे म्हणतात आत्ता सांगू नकोस, साइन झाल्यावर सांग. मला रात्री झोप लागत नाही.
— एक खेळाडू, ग्रँट रोड

उत्तर : बाळा, सांग. या आठवड्यातच सांग. तिकडे गेल्यावर खेळायला उतरायच्या आधी मेडिकल होतंच, तेव्हा ते कोपर कुणापासून लपणार नाहीये, आणि तेव्हा तू घरापासून हजारो मैल लांब एकटा असशील. मेलमध्ये तीन गोष्टी लिही : कधी दुखलं, डॉक्टर काय म्हणाले, परत फेकायला कधी सुरुवात करायची ठरलंय. एमआरआय केला असेल तर रिपोर्ट जोड. भालाफेकवाल्यांची कोपरं दुखतात हे त्या कोचला तुझ्याआधीपासून माहीत आहे, तो कदाचित म्हणेल की थांबू, सहा महिन्यांनी परत बोलू, किंवा त्यांच्या फिजिओशी बोलणं करून देईल. 'नको' म्हणाला तर वाईट वाटेल, पण मग तू दुसऱ्या कोचला पहिल्याच मेलमध्ये हे लिहू शकशील आणि तुझ्याकडे अजून वेळ आहे.

आईबाबांवर चिडू नकोस, ते घाबरलेत. हे उत्तर त्यांना वाचायला दे आणि मेल त्यांच्यासमोर बसून पाठव. तोपर्यंत घरी कुणाला दाखवायला म्हणून एकही थ्रो मारायचा नाही.